पेटी कोणाची?

गेल्या उन्हाळी सुट्टीत आमच्या पुतण्याने अब्बांच्या सगळ्या रेकॉर्डी लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. रेकॉर्ड जितका वेळ वाजते, तितकाच वेळ ती उतरवायला लागतो. एलपीची एक बाजू म्हणजे साधारण वीस मिनिटे. पंधरा दिवस घरात कव्वाल्या, नात आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज घुमत होता. अखेर सारा संग्रह बोटभर पेन ड्राइव्हमध्ये मावला आणि लाकडी पेटी दाराशी आली.

आता तबकड्यांचे काय करायचे? भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने सात-आठ निवडून बाकीच्या परत केल्या. एका शेजाऱ्याने जाळून टाकण्याचा सल्ला दिला. तो आम्ही मानला नाही. विनाइल म्हणजे पीव्हीसीच. जाळले की त्याचा विषारी धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. भंगारवाल्याला रविवारी यायला सांगून आम्ही मोकळे झालो.

शनिवारी रात्री अम्मींनी सहज विचारले, "बहिणीला विचारलंत का?"

आम्ही गप्प. वर्गात मुलांना ‘अमानत’ शब्दाचा अर्थ समजावणारे आम्ही! अब्बांच्या जमिनीत आपांचा हिस्सा रीतसर दिला होता. मग ही पेटी तेवढी आमची एकट्याची कशी झाली? वस्तूची किंमत कमी म्हणून वारसाचा हक्क कमी होत नाही.

भंगारवाल्याला नको म्हणून कळवले. पुढच्या आठवड्यात आपा आल्या. एकेक कव्हर हळूच पुसू लागल्या. एकाच्या मागे अब्बांच्या उर्दू अक्षरात एक तारीख होती. आपांच्या मॅट्रिकच्या निकालाची! त्या दिवशी अब्बांनी ती रेकॉर्ड आणली होती. आमच्या पेन ड्राइव्हमध्ये तिचे नाव होते ‘ट्रॅक 14’. आवाज उतरला होता, अब्बा उतरले नव्हते.

नावाची किंमत जुन्या गायिकांना ठाऊक होती. 1902 साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे रेकॉर्ड झाले. गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. आम्ही मात्र नावे पुसून बसलो होतो.

आपांनी ती एकच रेकॉर्ड घेतली. म्हणाल्या, "बाकीच्या जो ऐकेल त्याला द्या." काही घरी ठेवल्या, काही ओळखीच्या एका तबलावादकाला दिल्या. त्यांच्याकडे चालू ग्रामोफोन आहे.

तुमच्या घरीही अशी पेटी असेल, तर घाई करू नका. कव्हर आणि लेबल, दोन्हीचे पुढून-मागून फोटो घ्या. फाइलला गायकाचे नाव द्या. एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा; पेन ड्राइव्हही बिघडतो. रेकॉर्डी उभ्या ठेवा, उन्हात नको, वाकतात. लाखेच्या जुन्या 78 गतीच्या रेकॉर्डीला स्पिरिट लावू नका. लाख त्यात विरघळते.

आणि त्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा. लेकी सासरी गेल्या असतील, तर फोन करून विचारा. आम्हाला ते अम्मींनी आठवण करून दिल्यावर सुचले.