सायलेन्सर फाडून भाडे सुटत नाही



ज्वारीची गाडी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रिकामी झाली, की आपली पोरे नाना पेठेत शिरतात आणि सायलेन्सर बदलून गावी येतात. पाईप रुंद, आवाज वाघासारखा. "गाडी मोकळी झाली, ॲव्हरेज वाढले," असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. याचा एकदा हिशेब मांडू.

थोडे खरे आहे. टर्बो फिरतो तो इंजिनातून सुटणाऱ्या धुराच्या जोरावर. टर्बोनंतरचा पाईप चोंदला, सायलेन्सर आतून सडला, तर गाडी गुदमरते. तेव्हा त्याच मापाचा नवा घाला. पण शाबूत पाईप काढून रुंद घातल्याने ताकद कुठून येणार? ताकद डिझेलातून येते. मग मेस्तरी पंप वाढवतो, गाडी काळा धूर ओकते. तो धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल, तुमच्या ज्वारीच्या पट्टीतून गेलेले! जुनी गाडी ओढत नसेल, तर आधी एअर फिल्टर झाडा, मॅनिफोल्ड आणि टर्बोमधली गॅस्केट बघा. तिथून धूर फुसफुसला, की टर्बो अर्धपोटी राहतो. गॅस्केटला पाईपाइतके पैसे लागत नाहीत.

एप्रिल २०२० नंतरच्या स्टेज सहाच्या गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी तो मधूनमधून जाळतो, तेव्हा आत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता असते. अशी गाडी कडब्याच्या पसाऱ्यावर उभी करू नका. फिल्टर कापून सरळ पाईप लावणे तर त्याहून वाईट. काजळीची ठिणगी अडवायला मध्ये काहीच उरत नाही, आणि मागे भरलेला असतो कापूस. आग लागल्यावर विम्याचा माणूस आधी गाडीखाली वाकून बघेल.

मग सरकारचे सगळे बरोबर? मुळीच नाही. २०१० साली स्टेज चार लागू झाला तो पुण्यासह तेरा शहरांना. बाकी देशाला २०१७ उजाडले. सात वर्षे पुण्याच्या फुप्फुसाला एक भाव, बीडच्या फुप्फुसाला दुसरा! आता नियम सर्वांना सारखा, पण त्याचा खर्च भाड्यातून आपल्यावर येतो, आणि दुरुस्ती मात्र शहरात. मोठ्या गाड्यांना धूर धुवायला युरियाचे पाणीही लागते, साडेबत्तीस टक्क्यांचे. (शेतातला नीमवाला युरिया कालवून घालू नका, यंत्रणा बसेल.)

वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये धूर मोजून गाडी पास होते. तीच गाडी आमच्या मुलखात अडली, तर फिल्टर साफ करायला दोनशे किलोमीटर न्यायची का? गाडी विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने तालुक्याला फिल्टर साफ करण्याची सोय द्यावी, हा ठराव जिल्हा बैठकीत मांडायचा आहे. येताना आपापल्या गाडीची दुरुस्तीची बिले घेऊन या.