मुळे खणणाऱ्यांची साक्ष

प्राचीन ग्रीक वैद्यकाचा विषय निघाला की हिपोक्रेटिसचे नाव हमखास येते. आम्हांस मात्र आठवतात ती औषधी मुळे खणून विकणारी माणसे. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे काळाच्या ओघात गेली. त्यांचे आचारविचार उरले ते ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याच्या वनस्पतिविषयक ग्रंथाच्या नवव्या खंडात. पिओनी रात्री खणावी. दिवसा फळे तोडताना सुतारपक्ष्याने पाहिले तर दृष्टीस धोका. मँड्रेकभोवती तलवारीने तीन वर्तुळे काढावीत. हेलेबोर खणण्यापूर्वी लसूण खावा, पाणी न मिसळलेले मद्य प्यावे.

थिओफ्रास्टस हे सारे एकाच तराजूत तोलत नाही. हेलेबोर खणताना डोके जड होते, म्हणून तेथली खबरदारी त्याला पटते. सुतारपक्ष्याची भीती ओढूनताणून आणलेली वाटते. तरीही नोंद तो दोन्हींची करतो.

पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस लिहितो की, शस्त्रक्रियेपूर्वी वेदना जाणवू नयेत म्हणून मँड्रेकचे मद्य देत. मात्रा वाढल्यास ते प्राण घेते, हेही तो बजावतो. तीन वर्तुळांना हसून कोणी ते मूळच फेकून दिले असते तर?

जुन्या औषधींविषयी आज आपल्यापुढे दोनच पक्ष असल्यासारखे बोलले जाते: सरसकट श्रद्धा किंवा सरसकट उपहास. आमच्या मते दोन्ही पक्ष निवडण्याचे कष्ट टाळतात. थिओफ्रास्टसने ते टाळले नाहीत.