लक्षणोपशम झाला, आंत्रशोथाचे काय?

क्रोन्स व्याधीचा रुग्ण आपल्याकडे बहुधा ग्रहणीचा म्हणून येतो. तक्र, कुटज, पर्पटीकल्प यांनी मलप्रवृत्ती सुधारली की वैद्य व रुग्ण दोघेही निर्धास्त होतात. एका तरुण रुग्णाबाबत मीही तसाच निर्धास्त झालो होतो. दिवसाचे आठ वेग दोनवर आले, अग्नी सुधारला. पुढे आग्रहाने एमआर एंटेरोग्राफी करविली, तर लघ्वंत्राच्या अंतिम भागाची भित्ती सुजलेलीच!

या व्याधीत शोथ आंत्रभित्तीच्या सर्व स्तरांत पसरतो. कोलोनोस्कोपीची दुर्बीण लघ्वंत्राच्या अखेरच्या थोड्याच भागापर्यंत पोहोचते आणि दाखविते तो केवळ अंतःपृष्ठ. एमआरआयपूर्वी रुग्णास मॅनिटॉलसारखे द्रावण लिटर-दीड लिटर पाजून आतडे फुगवितात. मग भित्तीची जाडी, तीतील जलसंचय, व्रण, नाडीव्रण दिसू शकतात. क्ष-किरण नसल्याने तपासणी पुनःपुन्हा करता येते. २००९ साली बार्सिलोना येथील संशोधकांनी अशाच निकषांवर ‘मारिया’ गुणांक मांडला. त्यात आंत्रखंडास ७ वा अधिक गुण असल्यास शोथ सक्रिय मानतात.

खर्च मोठा आहे, हे मान्य. आंत्रक्षय की क्रोन्स, याचा निवाडाही केवळ या चित्रांवरून होत नाही; बायोप्सीसह अन्य पुरावा लागतोच. तथापि केवळ वेग कमी झाले म्हणून रुग्णाची चालू आधुनिक औषधे बंद करविणे मला सर्वस्वी गैर वाटते. औषधविक्रेत्या बंधूंनीही महिनोन्महिने कुटजारिष्ट नेणाऱ्या ग्राहकास, तपासणी केव्हा झाली, एवढे अवश्य विचारावे.