कंबर मोजायला तिशी कशाला?

आशाताई घरी येतात तेव्हा तिशीपुढच्या माणसांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे असंसर्गजन्य आजारांचा धोका जोखणारा अर्ज, भरून घेतात. चांदवड तालुक्यातही हेच चालतं. त्यात कंबरेचं माप असतं. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की धोक्याचा गुण पडतो, पुरुषाची ९०च्या वर. चरबी साठण्याची तऱ्हा दोघांत सारखी नसते, हे सरकारी कागदानेही मान्य केलं आहे. फेब्रुवारी २०२१मध्ये केंद्र सरकारने फॅटी लिव्हरला असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं, तेव्हापासून या टेपचं मोल आणखी वाढलं. पण त्याच घरातली आठवीतली मुलगी आणि दहावीतला मुलगा या मापातून सुटतात. हे बदलायला हवं.

यकृतात चरबी साठायला दारू लागत नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२२मध्ये देशातल्या अभ्यासांचे आकडे एकत्र मांडले. त्यात लठ्ठ मुलांपैकी सुमारे ६३ टक्क्यांना आणि लठ्ठ नसलेल्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांना फॅटी लिव्हर आढळलं. अभ्यास लहानमोठे होते, मुलांची निवडही वेगवेगळी होती, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे कुठल्याही शाळेला लावू नयेत. तरी लठ्ठ नसलेल्या मुलांचा आकडा नजरेआड करण्यासारखा नाही.

मग मुलगा आणि मुलगी यांत फरक काय? अमेरिकेत सॅन दिएगो परगण्यात २ ते १९ वयाच्या ७४२ मृत मुलामुलींच्या यकृताची तपासणी झाली. जवळपास दहातल्या एकाच्या यकृतात चरबी होती, आणि मुलग्यांत ती मुलींपेक्षा जास्त आढळली. वयात येताना मुलग्याची चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती जमू लागते आणि यकृताला तीच जास्त जाचते. मुलीच्या अंगातलं इस्ट्रोजेन चरबी नितंब-मांड्यांकडे वळवतं आणि यकृताला काही प्रमाणात सांभाळतं. एवढं वाचून मुलींचे आईबाप निर्धास्त होतील. तसं होऊ नये. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे १७ वर्षांच्या मुलामुलींची सोनोग्राफी केली, तेव्हा चित्र उलटं निघालं: मुली १६ टक्के, मुलगे १० टक्के. पोटावरची चरबीही तिथे मुलींमध्येच जास्त होती. फॅटी लिव्हर असलेल्या मुलग्यांत मात्र पोटाच्या आतली चरबी आणि साखर-रक्तदाबाचे बिघाड अधिक ठळक होते. म्हणजे इस्ट्रोजेनचं कवच खरं असलं तरी कंबर वाढली की ते पुरत नाही.

आपल्याकडे गोष्ट आणखी अवघड आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की इथलं बाळ वजनाने कमी जन्मतं, पण त्याच्या अंगात चरबीचा वाटा टिकून असतो. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मुलांचा पाठपुरावा त्यांच्या चमूने जन्माआधीपासून केला. अठराव्या वर्षी ३७ टक्के मुलग्यांची आणि १८ टक्के मुलींची साखर बिघडलेली होती. आणि तपासलेल्या सगळ्या मुलामुलींपैकी जवळपास निम्मे तर वजनाने कमी होते. हा अभ्यास यकृताचा नव्हे, साखरेचा आहे. पण साखरेचा बिघाड आणि फॅटी लिव्हर यांचं मूळ बहुधा एकच असतं. ही शेतकऱ्यांचीच मुलं होती, चांदवडच्या कांदा-टोमॅटो पिकवणाऱ्या घरांतल्यासारखी. ‘पोरगा काटकुळा आहे, त्याला काय होतंय’ हे म्हणणं इथे तरी सोडायला हवं.

मुलींच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी हातातून निसटतात. पाळी अनियमित झाली, चेहऱ्यावर लव वाढली, की पीसीओएसच्या गोळ्या सुरू होतात; पण पीसीओएस असलेल्या मुलीला फॅटी लिव्हरचा धोका जास्त असतो, हे घरात क्वचितच कुणाला ठाऊक असतं. दुसरी गोष्ट एसजीपीटी या यकृताच्या रक्ततपासणीची. लॅबच्या कागदावर ४०च्या आसपासची मर्यादा पुष्कळदा सगळ्यांना एकच छापलेली असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत मुलग्यांसाठी २६ आणि मुलींसाठी २२ ही मर्यादा आहे. एखाद्या मुलीचा आकडा ३५ आला तर तो ‘नॉर्मल’ म्हणून घडी घालून कपाटात जातो.

उपचार मात्र घरातलाच आहे. २०१९मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात ११ ते १६ वर्षांच्या मुलांच्या घरचं वरून घातलेल्या साखरेचं खाणंपिणं आठ आठवडे जवळजवळ बंद केलं. यकृतातली चरबी २५ टक्क्यांवरून १७वर आली. त्या प्रयोगात एकही मुलगी नव्हती, सगळे मुलगेच होते. तरी कोल्ड्रिंकची बाटली मुलीच्याही हातातून काढायला तेवढा पुरावा पुरेसा आहे. आणि वयात आल्यावर तिचं मैदान सुटतं, ते सुटू देऊ नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळाशाळांत तपासणीला जातंच. त्यांनी सोबत टेप न्यावा. वयानुसार मुलग्यांचे आणि मुलींचे कंबरेचे वेगवेगळे तक्ते पुण्याच्या खाडीलकर डॉक्टरांच्या चमूने भारतीय मुलांवरूनच तयार केले आहेत. माप तक्त्याबाहेर गेलं की एसजीपीटी करावी आणि तिचा आकडा मुलगा की मुलगी हे पाहून वाचावा. पाळीच्या तक्रारीवर औषध घेणाऱ्या मुलीची तपासणी तर कंबर न मोजताही व्हायला हवी.