उष्णता केव्हा आणि किती?

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. रावेर-यावलची केळी, जळगावची डाळ, खानदेशच्या कापसाच्या गाठी या वाटांनी देशभर जातात. माल वाहणारा ट्रक डिझेलवर चालतो, तर मालकाची मोटारसायकल पेट्रोलवर. दोन्हींत इंधन सिलिंडरच्या आतच जळते. भेद आहे तो उष्णता देण्याच्या रीतीत, आणि वाहतुकीच्या खर्चाचा बराचसा हिशोब या भेदात दडलेला आहे.

जर्मनीतील निकोलाउस ऑटो यांनी 1876 मध्ये चार फेऱ्यांचे यशस्वी इंजिन तयार केले. पेट्रोल इंजिन आजही त्याच चक्रावर चालते. हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दट्ट्या दाबतो आणि ठिणगी पडताच ते भडकते. ज्वलन इतके त्वरित होते की तेवढ्या वेळात दट्ट्या जेमतेम हलतो. म्हणून या चक्रात उष्णता स्थिर आकारमानावर दिली जाते असे मानतात. मात्र मिश्रण फार दाबले तर ते ठिणगीपूर्वीच अथवा अवेळी पेटून इंजिनात ठोके बसतात. त्यामुळे दाबण्याचे प्रमाण साधारण दहापटीच्या आसपास ठेवावे लागते.

रुडॉल्फ डिझेल यांनी ही अडचण निराळ्या मार्गाने दूर केली. त्यांचे इंजिन 1897 मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. त्यात प्रथम केवळ हवाच दाबली जाते. 27 अंश सेल्सिअसची हवा अठरापट दाबली की गणिताने तिचे तापमान सुमारे 680 अंशांवर जाते. तीत डिझेलचा फवारा सोडताच ते आपोआप पेटते. दट्ट्या खाली सरकत असताना इंधन येत राहते, म्हणून दाब जवळपास कायम राहतो. ही झाली स्थिर दाबावर दिलेली उष्णता. आजच्या वेगवान डिझेल इंजिनात दोन्ही रीतींचा मेळ असतो: काही उष्णता एकदम मिळते, उरलेली क्रमाक्रमाने.

यातील लाभहानी आकड्यांनी स्पष्ट होते. अठरापट दाबलेल्या आदर्श चक्रात सर्व उष्णता आरंभीच मिळाली तर तिचा सुमारे 68 टक्के भाग कामी येतो. आकारमान दुप्पट होईपर्यंत ती स्थिर दाबावर देत राहिल्यास 63 टक्के, तिप्पट होईपर्यंत दिल्यास 59 टक्के. प्रत्यक्ष इंजिनात हे आकडे बरेच खाली येतात, पण नियम बदलत नाही. उशिरा दिलेली उष्णता कमी काम करते आणि धुराड्यातून अधिक निघून जाते.

जळगावच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की 25 अंशांच्या तुलनेत तेवढ्याच आकारमानात सुमारे सहा टक्के हवा कमी मावते. टर्बो नसलेल्या पंपाच्या वा जनरेटरच्या इंजिनाला ही उणीव विशेष जाणवते. जिनिंगच्या आवारात हवेच्या फिल्टरवर कापसाचे तंतू बसले, किंवा चाळीसगावहून कन्नडचा घाट चढणाऱ्या ट्रकवर मर्यादेबाहेर माल लादला, तर इंधन वाढते पण त्याला पुरेशी हवा मिळत नाही. मग काळा धूर निघतो. काही मालक त्यालाच इंजिनाचा जोर समजतात. वस्तुतः ते न जळलेले, पैसे मोजून घेतलेले इंधन असते.

या धुराची किंमत खतावणीत पूर्ण उतरत नाही. डिझेलचा धूर मानवाला कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये जाहीर केले. जनरेटरशेजारी दिवस काढणारा हमाल आणि घाटातला चालक ती किंमत आपल्या श्वासाने फेडतात.

हंगामाच्या आरंभी गुंतवलेले भांडवल फिरते आणि हंगाम सरल्यावर ओतलेले अडकून पडते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. उष्णतेचेही तसेच आहे. म्हणून फिल्टर वेळेवर स्वच्छ करावा, इंधनाचा फवारा व त्याची वेळ जाणकाराकडून तपासून घ्यावी आणि गाडीत नेमून दिला तेवढाच माल भरावा. त्यात डिझेलही वाचते आणि माणसेही.