एका दिवसाची हार

जॉर्जिया देशांत काळ्या समुद्राच्या कांठीं बाटुमी नांवाचें शहर आहे. सन २०२५ च्या जुलै महिन्याच्या २८ व्या तारखेस तेथें स्त्रियांच्या जागतिक चषकाच्या बुद्धिबळ-स्पर्धेचा अखेरचा डाव संपला, आणि नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुख हिनें तो चषक जिंकला. डाव संपतांच तिला अश्रु आवरेनात. आईच्या गळ्यांत पडून तिनें त्यांना वाट करून दिली. तें चित्र वृत्तपत्रांतून ज्यांनीं पाहिलें, त्यांच्यापैकीं पुष्कळांचे डोळेही ओलावले असतील.

यानंतर चार महिने पुरे झाले नव्हते तोंच, नोव्हेंबरच्या आरंभीं, आपल्या शेजारच्या गोमंतकांत त्याच पद्धतीची दुसरी मोठी स्पर्धा, म्हणजे स्त्री-पुरुष असा भेद नसलेली जागतिक चषक स्पर्धा, सुरू झाली. दिव्येस तींत खास प्रवेश मिळाला होता. ग्रीस देशाच्या स्तामातिस कूर्कुलोस-आर्दितिस या ग्रँडमास्टराशीं तिची गांठ पडली. दोन्ही डाव तिनें गमावले, आणि पहिल्याच फेरींत तिला परतीची वाट धरावी लागली.

आतां वाचकांस आमचा प्रश्न असा कीं, या दोहोंपैकीं खरी दिव्या कोणती? जुलैमधली कीं नोव्हेंबरमधली? आमचें उत्तर असें कीं, दोन्ही खऱ्या. आणि दोन्ही खऱ्या कां, तें मुलांच्या व विशेषतः त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या ध्यानांत यावें, म्हणूनच हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम या स्पर्धांची रीत सांगितली पाहिजे. इंग्रजींत जिला नॉक-आउट म्हणतात, तिला आपण बाद पद्धति म्हणूं. दोघांची जोडी लावावयाची. जिंकेल तो पुढच्या फेरींत जातो, हरेल तो घरीं जातो. बुद्धिबळांत पांढरीं मोहरीं घेणारास पहिली खेळी मिळते व तिचा त्यास थोडा लाभ होतो. म्हणून प्रत्येक जोडीचे दोन डाव होतात, एकेकास एकदां पांढरीं व एकदां काळीं मोहरीं मिळतात. हे दोन डाव सावकाशीचे असतात. त्यांत गुण समान राहिले तर दुसऱ्या दिवशीं जलद डाव सुरू होतात. प्रथम प्रत्येकास पंधरा मिनिटें देऊन दोन डाव. मग दहा मिनिटांचे दोन. मग पांच मिनिटांचे दोन. आणि तरीही तिढा सुटला नाहीं, तर तीन तीन मिनिटांचे. प्रत्येक खेळीमागें कांहीं सेकंदांची भर मिळते, एवढाच काय तो दिलासा. बरोबरी जसजशी लांबत जाते, तसतसा विचारास मिळणारा वेळ आटत जातो.

गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांस येथें एक लहानसें कोडें घालतों. गोव्याच्या स्पर्धेंत २०६ खेळाडू होते. विजेता एकच उरेपर्यंत किती सामने व्हावे लागतील? बहुतेक जण फेरीवार बेरीज करूं लागतील. पहिल्या फेरींत वरच्या मानांकनाच्या ५० जणांस सूट होती. उरलेल्या १५६ जणांचे ७८ सामने झाले. ते ७८ विजेते व हे ५० मिळून १२८. त्यांचे पुढें ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १ असे सामने. एकंदर बेरीज २०५. उत्तर बरोबर आहे, परंतु इतक्या खटाटोपाची गरज नाहीं. प्रत्येक सामन्यांत एकच खेळाडू बाद होतो, आणि बाद व्हावयाचे आहेत २०५. तेव्हां सामनेही २०५ च. तिसऱ्या क्रमांकासाठीं जो वेगळा सामना होतो, तो यांत धरलेला नाहीं.

हा हिशेब केवळ गंमतीचा नाहीं. विजेता वगळला तर चषकाच्या वाटेवर प्रत्येक जण एकदां हरतो, आणि एकदांच हरतो. जो पहिल्या फेरींत गेला तोही एकदांच हरला, आणि जो अंतिम सामन्यापर्यंत पोंचला तोही एकदांच हरला. २०६ निवडक बुद्धिमान माणसें एका ठिकाणीं जमतात, आणि त्यांतील २०५ जणांस हार पत्करून परत जावें लागतें! हारणें हें जर नालायकीचें लक्षण असेल, तर जगांतील उत्तमोत्तम बुद्धिबळपटूंचा मेळावा हा नालायकांचा मेळावा म्हणावा लागेल. असें कोण म्हणेल?

आतां दिव्येची बाटुमीची वाट पाहूं. तेथें १०७ स्त्रिया खेळत होत्या, आणि मानांकनांत दिव्येचा क्रमांक पंधरावा होता. चवथ्या फेरींत तिनें दुसऱ्या मानांकनाच्या चीनच्या झू जिनेर हिला हरविलें. त्यानंतर आपल्याच देशाच्या हारिका द्रोणवल्ली हिला जलद डावांत मागें टाकलें. आणि उपांत्य फेरींत २०१७ सालची जगज्जेती, चीनची तान झोंगयी, हिच्याविरुद्ध १०१ खेळ्यांचा प्रदीर्घ डाव जिंकला. अंतिम सामन्यांत समोर होती आंध्र प्रदेशाची कोनेरू हंपी. २६ व २७ जुलै या दोन दिवशींचे दोन्ही डाव बरोबरींत सुटले. २८ तारखेचा पहिला जलद डावही बरोबरींत सुटला. दुसऱ्या जलद डावांत दिव्येकडे काळीं मोहरीं होतीं. घड्याळ धांवत होतें. हंपीच्या हातून चुका झाल्या, दिव्येनें त्या ओळखल्या, आणि सामना अडीच विरुद्ध दीड गुणांनीं तिचा झाला. ग्रँडमास्टर ही पदवी मिळण्यास सामान्यतः ठरीव प्रतीचा खेळ तीन वेळां करून दाखवावा लागतो. दिव्येच्या नांवावर तोंपर्यंत असा एकही निकष नव्हता. पण या स्पर्धेच्या विजेतीस ती पदवी थेट मिळते, म्हणून ती एका दिवसांत भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली.

आणि हरलेली हंपी कोण? २००२ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, जी ग्रँडमास्टर झाली, आणि इतक्या लहान वयांत ती पदवी तोंपर्यंत जगांतील कोणत्याही स्त्रीस मिळाली नव्हती, ती ही हंपी. मातृत्वासाठीं कांहीं काळ पटापासून दूर राहून ती परतली, आणि २०१९ व २०२४ या दोन्ही सालीं जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली. पंधरा मिनिटांच्या एका डावांत ती चुकली, म्हणून तिचीं तीं वीसबावीस वर्षें पुसलीं गेलीं काय?

गोव्याची हकीकत तर याहूनही बोलकी आहे. पहिलें मानांकन त्या वेळचा जगज्जेता, आपला गुकेश, याचें होतें. तिसऱ्या फेरींत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वाने यानें त्यास बाद केलें. पहिल्या तीन मानांकनांवर भारताचेच तरुण होते. त्यांपैकीं एकही उपांत्य फेरीपर्यंत पोंचला नाहीं. चषक नेला तो उझबेकिस्तानच्या एकोणीस वर्षांच्या जवोखिर सिंदारोव यानें, चीनच्या वेई यी यास जलद डावांत हरवून. त्याचें मानांकन सोळावें होतें.

यावर कोणी म्हणतील कीं, मग ही सारी दैवाची सोडत झाली. जींत पहिला मानकरी तिसऱ्या फेरींत जातो, ती परीक्षा कसली? या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. सर्वांत बलवान कोण, हें ठरविण्यास बाद पद्धति अपुरी आहे. त्यासाठीं पुष्कळ डाव, पुष्कळ दिवस आणि पुष्कळ प्रतिस्पर्धी लागतात. परंतु या पद्धतीचा एक मोठा गुण आहे. ती पंधराव्यास आणि सोळाव्यास दार उघडें ठेवते. १९९९ सालीं लास व्हेगास येथें याच पद्धतीनें जगज्जेतेपद ठरविलें गेलें, आणि तें रशियाच्या अलेक्झांडर खलिफमन यास मिळालें. त्याचें मानांकन होतें छत्तिसावें. मागील कीर्तीच्या भांडवलावर येथें कोणाचेंही चालत नाहीं. मोठ्या नांवासही समोरच्या लहान नांवाविरुद्ध त्या दिवशीं, त्या पटावर, चांगलें खेळूनच दाखवावें लागतें. म्हणून आमचें मत असें कीं, ही पद्धति त्या दिवसाचा निकाल खरा देते. मनुष्याचा निकाल ती देत नाहीं. दोष पद्धतीचा नाहीं. एका दिवसाचा निकाल सबंध आयुष्यास लावणाऱ्या पाहणारांचा आहे.

विश्वनाथन् आनंद यांचें उदाहरण या बाबतींत मननीय आहे. १९९७ च्या डिसेंबरांत हॉलंडमधील ग्रोनिंगन येथें अशीच स्पर्धा झाली. एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांस हरवीत आनंद अखेरपर्यंत गेले. परंतु त्या वेळच्या नियमाप्रमाणें अनातोली कार्पोव यांस एकही फेरी न खेळतां थेट अंतिम सामन्यांत जागा होती. थकलेल्या आनंदांस लगोलग स्वित्झर्लंडमधील लोझान येथें जाऊन ताज्या दमाच्या कार्पोवांशीं खेळावें लागलें. सहा डावांनंतर तीन-तीन अशी बरोबरी झाली. पुढचे दोन्ही जलद डाव कार्पोवांनीं जिंकले. हा नियम न्यायाचा होता असें आम्हांस वाटत नाहीं. पण आनंदांनीं त्याचें रडगाणें गात आयुष्य काढलें नाहीं. २००० सालीं दिल्ली येथें सुरू होऊन तेहरान येथें संपलेल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेंत, अंतिम सामन्यांत अलेक्सी शिरोव यांस साडेतीन विरुद्ध अर्ध्या गुणानें हरवून, ते जगज्जेते झाले. लोझान येथें जर त्यांनीं पट मिटला असता, तर तेहरान उगवलें नसतें.

आतां दूरदेशींच्या या गोष्टी सोडून आपल्या घरांत डोकावूं. आमच्या पाहण्यांतला एक प्रसंग सांगतों. कांहीं शाळांचे मिळून बुद्धिबळाचे सामने होते, आणि तेही बाद पद्धतीचे. बारा वर्षांचा एक मुलगा पहिल्याच डावांत वजीर फुकट घालवून हरला. न्यावयास आलेले वडील त्यास म्हणाले, "झाली हौस? आतां अभ्यासाला लाग." मोहऱ्यांची पेटी त्या संध्याकाळीं कपाटावर गेली. वडिलांचा हेतु वाईट नव्हता. मुलाचें भलें व्हावें हाच होता. परंतु पुढें वक्तृत्वाच्या स्पर्धेसाठीं आम्हीं त्या मुलास नांव देण्यास सांगितलें, तेव्हां खालीं मान घालून त्यानें विचारलें, "पण सर, हरलों तर?" कपाटावर केवळ पेटी गेली नव्हती, तिच्याबरोबर मुलाची उमेदही गेली होती.

पालकांस आमची नम्र विनंति आहे कीं, मूल हरून घरीं आलें म्हणजे "कितवा आलास?" हा प्रश्न त्या रात्रीं विचारूं नये. "कोणती खेळी चुकली, दाखव पाहूं," असें म्हणून पट मांडावा. आपणांस खेळ येत नसला तरी चिंता नाहीं. मूल आपल्याला शिकवील, आणि शिकवितां शिकवितां स्वतःची चूक पाहील. मोठे खेळाडूही हेंच करितात. हरलेला डाव ते पुन्हां मांडतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसही हीच रीत लागू आहे. नापास झालेल्यास परीक्षा पुन्हां देतां येते. घरानें बाद ठरविलेल्या मुलास मात्र पुढची फेरी कोण देणार?

आणि शाळांनींही आपल्या अंगणांत थोडा बदल करावा. बाद पद्धति वाढलेल्या, कसलेल्या खेळाडूंस शोभते. बत्तीस मुलांनीं नांवें दिलीं, तर तिच्यायोगें पहिल्याच डावानंतर सोळा मुलें नुसतीं बघीं होतात. आणि ज्यांस अधिक खेळावयास हवें, तींच सर्वांत कमी खेळतात. त्यापेक्षां १८९५ सालीं झुरिच येथें प्रथम वापरलेली स्विस पद्धति मुलांस अधिक हितकर आहे. तींत कोणी बाद होत नाहीं. प्रत्येक फेरीनंतर समान गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लावितात. पांच फेऱ्यांत बत्तीसही मुलें पांच पांच डाव खेळतात, आणि सारे डाव जिंकणारा फार तर एकच उरतो. विजेताही मिळतो, आणि एकतीस मुलांचें खेळणेंही थांबत नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकीं एखादा उद्यां दिव्येप्रमाणें चषक आणील तर आम्हांस धन्यता वाटेल. पण तिच्या जुलैपासून जितकें शिकावयाचें आहे, तितकेंच तिच्या नोव्हेंबरपासूनही शिकावयाचें आहे. जिंकाल त्या दिवशीं हें ध्यानांत ठेवा कीं, समोर हरलेला मनुष्य तुमच्याहून लहान नाहीं. हराल त्या दिवशीं समोरच्याशीं हस्तांदोलन करा, घरीं या, आणि पट पुन्हां मांडा. डाव संपला म्हणजे राजा आणि प्यादें एकाच पेटींत जातात, हें खरें. पण दुसऱ्या दिवशीं ती पेटी उघडली म्हणजे सारीं मोहरीं पुन्हां आपापल्या घरीं उभीं राहतात, हेंही तितकेंच खरें आहे.