क्रूर कोण? तार की दिवाणखाना?

‘केंगाइ’ घडणीचे बोन्साय पाहिले, की आमच्या एका स्नेह्यांचे अंतःकरण द्रवते. “झाडाला तारेने बांधून कुंडीच्या तळाखाली ओढायचे? केवढे हे क्रौर्य!”

अहो, केंगाइ म्हणजे पुढे झुकलेला कडा! जपानातल्या डोंगरकड्यांवर बर्फाच्या भाराने वाकलेले पाइन आणि ज्युनिपर शेकडो वर्षे जगतात. माळी तेच रूप कुंडीत उतरवतो. झाडाचा जोर नेहमी वरच्या शेंड्याकडे. खाली वळवलेले टोक आपोआप दुबळे पडते. म्हणून तो वरचे कोंब खुडतो, टोकाची पालवी राखतो आणि सालीत रुतण्यापूर्वी तार कापून काढतो. वर्षानुवर्षांच्या या निगराणीला छळ म्हणावे काय?

छळ पाहायचा तर स्नेह्यांच्या दिवाणखान्यात चला! गेल्या दिवाळीत भेट आलेला ज्युनिपर त्यांनी कपाटावर बसवला. त्याला हवे उघड्यावरचे ऊन. मिळाले पंख्याचे वारे आणि पाहुण्यांचे कौतुक. मार्गशीर्षातच तो मेला असावा; पण मेलेला ज्युनिपर कित्येक आठवडे हिरवाच दिसतो, म्हणून कौतुक संक्रांतीपर्यंत चालले!

वाचकहो, यंदा कुणाला असे झाड भेट द्यायचे असेल, तर आधी घराला गच्ची आहे का ते विचारा. तारेची चौकशी नंतर!